गोठ्यातली खेल्वारी

वैशाली, दहाव्याला कावळा लगेच शिवला. भाऊजींनी पिंड ठेवला, गुरुजींनी सगळ्यांना मागे सरायला सांगितलं, आणि माणसं नीट मागे सरायच्या आत तो आलाच. भाताचा घास उचलून समोरच्या लिंबावर जाऊन बसला. घाटावर सगळ्यांनी सुटल्यासारखा श्वास सोडला. आपल्या आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला आणि शेजारच्या बायांना ऐकवलं, "सुखात गेली माजी सून. काय सुदिक मनात ठिवलं न्हाई तिनं."

मला त्या कावळ्याला दगड मारावासा वाटला. ओढ्याकाठच्या त्या घाटावर सारखे दहावे होत असतात, तिथले कावळे खाऊन खाऊन माजलेत. ते कुणाच्याही पिंडाला शिवतात आणि कशासाठीही शिवतात. एरवी हे सगळ्या राजुरीला माहीत असतं. पण आपल्या घरच्या पिंडाला शिवला की तो एकदम मनातलं ओळखणारा होतो. भाऊजींनी तर काय काय कबूल करायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. देवळाच्या पायऱ्या, अन्नदान, असलं काहीतरी. त्यातलं एकही बोलावं लागलं नाही. तुझा नवरा बिचारा मोकळ्या हाताने घरी आला.

तुझी इच्छा राहिली होती, हे मला, तुझ्या जावेला, माहीत होतं आणि आपल्या म्हशींना माहीत होतं. ती काही काशीयात्रेची नव्हती. तुझ्या तनूने मंचरला होस्टेलवर राहून शिकावं, मधेच घरी आणून तिच्या डोक्यावर कुणी शेणाची पाटी देऊ नये, एवढीच. रोज धार काढताना तू ती बोलून दाखवायचीस. फक्त मराठीत कधी बोलली नाहीस. मग कावळ्याने तरी काय करावं?

राग येतोय गं मला तुझा. माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल चांगलं बोलतात, ते घाटावर पुष्कळ बोलून झालंय. मला तुझ्याशी भांडायचंय.

परग्रहावरच्या लोकांची ती इंग्रजी मालिका तू लग्नाआधी घोडेगावला भावाच्या कॉम्प्युटरवर बघायचीस. ते लोक म्हणजे खेल्वार. कायमचे जहाजात राहणारे, आणि जहाज आकाशात. तू मला पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा म्हणालीस की ताई, यांना जमीनच नाही, त्यामुळे बांधावरून भांडणंही नाहीत. मला ते लोक तिथेच आवडले. पुढे फोनवर नेट आलं आणि तुला कळलं की कुणा हौशी माणसांनी त्यांच्या भाषेचे धडे करून टाकलेत. खोट्या लोकांची खोटी भाषा, तिचे खरे धडे. मी म्हणाले, या माणसांना घरी काही कामं नाहीत का? तू म्हणालीस, आपल्याला आहेत ना, कामं करता करता शिकू.

मग गव्हाणीच्या कडेला फोन टेकवून आपली शाळा सुरू झाली. खेल्वारीत "कशी आहेस" असं विचारत नाहीत. "तेम दाव?" म्हणतात, म्हणजे जहाजावर आहेस का. उत्तर पण "तेम दाव". आहे बाई जहाजावर, जाते कुठे. पाणी म्हणजे नूश. चहाला शब्दच नव्हता, तेव्हा आपण नूश-ताख केलं, गरम पाणी. येणं म्हणजे एल्द. दमले म्हणजे गोथ्र, आणि तो शब्द घशातून खरवडून काढायचा. तू पहिल्यांदा तो काढलास तेव्हा थोरल्या म्हशीने दूधच चोरलं. नको, नाही, मुळीच नाही, या सगळ्याला एकच शब्द, ओम्क. "माझं जहाज कुठे लावू" हा धडा मी सोडून देणार होते, पण तू म्हणालीस असू दे, ट्रॅक्टरला उपयोगी पडेल.

मी दहावीला इंग्रजीत नापास झालेली बाई. पण खेल्वारी मला पटापट यायला लागली. तिच्यात नापास करणारं कुणी नव्हतं ना. त्याबद्दल मी तुझे उपकार मानते, आणि ते मनापासून मानते. या घरात आल्यापासून मला काही येतं असं कुणी म्हटलं असेल, तर ते तू.

मग आपण आत्याबाईंच्या देखत बोलायला लागलो. मी भाकरी थापता थापता "नूश एल्द" म्हणाले आणि तू तांब्या आणून ठेवलास. आत्याबाईंनी मान वर केली. हे काय बोलता गं, म्हणाल्या. तू चेहरा जराही न हलवता सांगितलंस की कानडी आहे, माझ्या आजोळची माणसं तिकडची. कसलं आजोळ! तुझं आजोळ घोडेगावजवळच्या शिनोलीला. पण आत्याबाईंना ते पटलं, इतकंच नाही, त्यांना त्याचा अभिमान वाटायला लागला. आल्यागेल्याला सांगायच्या की आमची धाकटी कानडी लई झ्याक बोलती.

आणि मग तो कांद्याचा ट्रक आला. आठवतोय ना? ड्रायव्हर विजापूरकडचा. कांद्याच्या बराखीपाशी गोण्या भरणं चाललेलं. आत्याबाईंनी तुला चुलीपुढून उठवून बाहेर नेलं आणि त्या माणसापुढे उभं केलं. म्हणाल्या, बोल याच्याशी तुमच्यातलं. मामंजी उभे, हे उभे, भाऊजी उभे, हमाल उभे. मला वाटलं आता गेलं सगळं. तू पदर सावरलास आणि ठणठणीत आवाजात त्याला विचारलंस की तू जहाजावर आहेस का, आणि तुझं जहाज कुठे लावलंयस. तो भला माणूस थोडा वेळ तुझ्याकडे बघत राहिला. मग मान हलवून मामंजींना म्हणाला, "बराबर बोलती है. लेकिन इनका कन्नड अलग है, बेलगाम साइड का होगा." आत्याबाईंनी त्याला जेवायला घातलं.

त्या दुपारी गोठ्यात आपण इतक्या हसलो की मला उचकी लागली. तेवढं हसणं पुढे मला कधी जमलं नाही, आणि आता जमेलसं वाटत नाही.

पण तिथेच आपलं चुकलं, असं मला आता वाटतं. त्या दिवसापासून आपल्याला कळलं की काहीही बोललं तरी चालतं. आत्याबाईंसमोर, मामंजींसमोर, नवऱ्यांसमोर. मग आपण जे बोलायचं ते सगळं तिकडेच बोलायला लागलो. भाजीत मीठ कमी म्हणून भाऊजींनी ताट सरकवलं, तू हसून वाटीभर रस्सा आणखी वाढलास आणि त्यांना खेल्वारीत काय म्हणालीस ते मी इथे लिहीत नाही. ते म्हणाले, छान. मला मजा वाटली. तुलाही वाटली. ताट मात्र ते पुढेही सरकवतच राहिले.

बेल्ह्याच्या बाजारात आपण तुझा खोंड विकायला गेलो होतो तेव्हा मला पहिल्यांदा खटकलं. खोंड मामंजींचा, पण वाढवलेला तू, बाटलीने दूध पाजून. तिथे व्यापारी आणि मामंजी उपरण्याखाली हात घालून एकमेकांची बोटं दाबत होते. वर तोंडाने हवापाण्याच्या गप्पा, खाली सौदा. तू म्हणालीस, बघ ताई, यांची पण चोरटी भाषा आहे आणि यांना कुणी वेडं म्हणत नाही. मी म्हणाले, यांच्या भाषेने निदान बैल तरी हलतो. खोंड टेम्पोत चढवला तेव्हा तू तोंडातल्या तोंडात ओम्क, ओम्क म्हणत होतीस. टेम्पोवाल्याला वाटलं तू जनावराला चुचकारतेयस. त्याने तुला सांगितलं, "वहिनी, लई गुणाचं जनावर हाय, काळजी करू नका."

घरी येताना मी तुझ्याशी भांडले. खोंड ठेवायचा होता तर मामंजींना सांगायचं. मामंजी तसे ऐकणारे आहेत, निदान दहातलं एक तरी ऐकतात. तू खिडकीबाहेर बघत होतीस. मग मला म्हणालीस,

"ताई, मराठीत सांगितलं की उत्तर पण मराठीत येतं."

तेव्हा मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं. आज वाटतं, तू घाबरट होतीस. शिकलेली, हुशार, कुणाच्याही तोंडावर बोलून न सापडणारी आणि घाबरट. ते भांडण तिथेच राहिलं. नंतर जेव्हा जेव्हा मी ते काढलं, तेव्हा तू मला नवा धडा लावून द्यायचीस.

तनूला दहावीला चांगले मार्क पडले. तेव्हाही तू घरात चकार शब्द काढला नाहीस. घोडेगावहून तुझा भाऊ आला, त्याने मंचरचा फॉर्म आणला, होस्टेल बघितलं, आणि आत्याबाई "बघू एक वरीस" म्हणाल्या. एक वर्षाचं दुसरं झालं. पोरगी दर सुट्टीला यायची, आणि ती यायच्या आधी तुझं सुरू व्हायचं. तनू ओम्क एल्द. तनू यायला नको. तनू परत यायला नको. सख्खी आई स्वतःच्या लेकीबद्दल असं म्हणते, कुणाला कळलं असतं तर काय म्हणाले असते! म्हशीच्या पोटाला डोकं टेकवून तू ते म्हणायचीस, आणि बाहेर येऊन आत्याबाईंना विचारायचीस, आत्या, तनूला काय काय खायला करू?

मग तो दिवस आला. तू गोठ्यातच बसलीस. बादली कलंडली नाही, ती तू आधी नीट बाजूला ठेवलीस. मी आले तेव्हा कपाळाला घाम, ओठ पांढरे. तू माझ्याकडे बघून गोथ्र म्हणालीस. दुसरं काही नाही. भाऊजींनी गाडी काढली, आळेफाट्याला नेलं, पण तिथे करायला काही उरलं नव्हतं. डॉक्टर भले होते. त्यांनी विचारलं की यांना बरेच दिवस दम लागत असणार, कधी बोलल्या नाहीत का? भाऊजी भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "न्हाई ओ. कधी काय बोलायचीच न्हाई ती."

आणि मला त्या माणसाची कीव आली. जन्मात पहिल्यांदा. तो खोटं बोलत नव्हता. तू वर्षभर रोज दमले म्हणत होतीस, त्याच्यासमोर, त्याच्या ताटापाशी उभी राहून. त्याच्यापर्यंत पोचू नये याची इतकी काळजी तू का घेतलीस? मला तू सांगायचीस, पण मीही गोथ्रच होते गं. दोन दमलेल्या बायकांनी एकमेकींना दमले सांगून काय होणार होतं? आपण हसायचो आणि पुढची म्हैस घ्यायचो.

घाटावर भाषणं झाली. आपल्याकडे दहाव्याला भाषणं झाल्याशिवाय माणूस गेल्यासारखं वाटत नाही. महाराजांचं प्रवचन झालं, मग दूध संस्थेचे एक जण उठले, मग पंचायतीचे, मग कुणाचे तरी पाहुणे. एकाने तुला नारायणगावची लेक करून टाकलं. दुसऱ्याने सांगितलं की स्वर्गीय वैशालीताई अत्यंत मितभाषी होत्या, त्यांनी कुणाला उलट उत्तर दिलं नाही, आजच्या मुलींनी हा आदर्श घ्यावा. मी मांडवात बसून तोंडात पदर कोंबला. बायांना वाटलं मी रडतेय. मितभाषी! दोन माणसांचं बोलणं एकटी बोलायचीस तू. माझे कान किटायचे.

आता तुला खरं सांगायचं ते सांगते. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी पाहुणे गेल्यावर घरची माणसं पडवीत बसली. आत्याबाई म्हणाल्या की आता घरात एक हात कमी झालाय, मंगलच्यानं एकटीच्यानं म्हशी व्हायच्या न्हाईत. म्हणजे माझ्या नावावर. माझ्या काळजीने. तनूला घरी आणावं, बारावी बाहेरून दिली तरी चालतं, दोन वर्षांनी लग्नाचं बघावंच लागणार. हे म्हणाले, बरोबर आहे. मामंजींनी मान हलवली. भाऊजी खाली बघत होते. आत्याबाईंनी शेवटचं टाकलं, "तिच्या आयची काय विच्छा राह्यली असती तर कावळा अडला नसता का?"

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तनू आत चहा गाळत होती, तिने सगळं ऐकलेलं. मी आत जाऊन तिला विचारलं, तुझं काय मत आहे? पोरीने माझ्याकडे बघितलं. चेहऱ्यावरची रेष हलली नाही. हातातलं गाळणंही हललं नाही. हळूच म्हणाली,

"ओम्क."

तिला खेल्वारी येते, वैशाली. आपण तिला कधी शिकवली नव्हती. लहान आहे, तिला काय कळतंय, म्हणून तिच्यासमोर बोलत राहिलो होतो. ती शिकली. शब्द शिकली, आणि तो चेहराही शिकली, तुझा, कांद्याच्या ट्रकपुढचा. वर थोडी हसली, आणि पडवीत न्यायला कप ट्रेमध्ये मांडायला लागली. ती चहा नेऊन देणार होती, कप गोळा करणार होती आणि मग माझ्याबरोबर गोठ्यात येऊन दूध काढता काढता मला सगळं सांगणार होती. मला ती पुढची सगळी वर्षं एकदम दिसली.

मी तिच्या हातातला ट्रे काढून घेतला. म्हणाले, मराठीत बोल.

ती म्हणाली, असू दे मोठी आई.

मी म्हणाले, "मला नको सांगू. मला कळतंय. त्यास्नी सांग."

हात धरून तिला पडवीत नेलं. ओढतच नेलं म्हण. ती रडायला लागली, आत्याबाई माझ्यावर करवादल्या की पोरीला काय छळतेस, हे माझ्याकडे डोळे वटारून बघायला लागले. मी हात सोडला नाही. तिने हुंदके देतच डोळे पुसले. मग बापाकडे बघून म्हणाली, "पप्पा, मला मंचरलाच ऱ्हायचंय. मी घरी न्हाई येणार."

आत्याबाईंनी तोंड उघडलं, पण भाऊजींनी हात वर केला. ते तनूकडे बघत होते, कधी बघितलीच नव्हती अशी.

"मंग ऱ्हा की," ते म्हणाले. "आदी बोलायचं व्हतं."

एवढंच. आत्याबाईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, ह्यांनी जेवताना मला बरंच ऐकवलं, म्हशींना एक गडी बघायचं ठरलं. बाकी काही कोसळलं नाही.

आणि तेव्हापासून मी जळतेय. एवढंच होतं का गं? तू म्हटलं असतंस तर तुलाही "मंग ऱ्हा की" म्हणाले असते का? खोंड ठेवला असता का, तुला डॉक्टरकडे नेलं असतं का? की तू गेलीस म्हणून आता एवढं झालं, आणि तू असतीस तर पोरीला त्याच पडवीत गप्प बसवलं असतं? मला कळत नाही. दोन्हीपैकी काहीही खरं असलं तरी मला तुझा रागच येतो. पहिलं खरं असेल तर तू उगाच गप्प बसलीस. दुसरं खरं असेल तर मी या घरात उरलेला जन्म कसा काढू, ते सांग.

गोठ्यात मी आता फोन नेत नाही. तोंडात शब्द येतात, पण बोलायला समोर कोण आहे?

तेरावं झालं आणि आज सकाळी तनूला मंचरच्या गाडीत बसवायला मी स्टँडवर गेले. भाऊजींनी बॅग चढवली. पोरीला खिडकीची जागा मिळाली. गाडी सुरू झाली तेव्हा ती काचेआडून माझ्याकडे बघून काहीतरी म्हणाली. नुसते ओठ हलले. मी सगळ्या स्टँडला ऐकू जाईल असं ओरडले, काच उघड आणि मोठ्याने बोल. लोक बघायला लागले. भाऊजी लाजले. तिने दोन्ही हात लावून काच सरकवली, डोकं बाहेर काढलं आणि माझ्याहून मोठ्याने म्हणाली, "येते मी."

तू तर तेवढंही म्हणाली नाहीस.